ठोकळे येतात, वाचन येत नाही

प्रश्न : माझा नातू चौथीत आहे, इंग्रजी शाळेत. तोंडाने एकदम हुशार. चर्चगेटपासून विरारपर्यंतची स्टेशनं सुलट-उलट घडाघडा म्हणतो, बाजारातून आल्यावर कशाचे किती झाले ते तोंडी सांगतो. पण पुस्तक उघडलं की पोट दुखतं, लघवीला लागते. शाळेने असेसमेंट करून आणा म्हणून चिठ्ठी दिली आहे. सुनेने चौकशी केली. म्हणे दोन-तीनदा जावं लागतं, ठोकळे जोडायला देतात, आकडे उलटे म्हणायला लावतात. आमचे हे ऐकायलाच तयार नाहीत. पोराच्या कपाळावर वेड्याचा शिक्का मारून आणायचा आहे का, म्हणतात. मला मात्र एक कळत नाही. ठोकळे त्याला येतातच, घरात दिवसभर तेच चालू असतं. येत नाही ते वाचन. मग ठोकळे लावून काय पाहतात?
— एक आजी, उमेळे (ता. वसई)

उत्तर : आजी, अर्धं उत्तर तुम्हीच लिहून पाठवलं आहे. ठोकळे येतात आणि वाचन येत नाही, नेमकं हेच त्यांना पाहायचं असतं. वाचनात मागे पडलेली दोन मुलं एका बाकावर बसली असतील तर वर्गात ती सारखीच दिसतात. दोघांच्या वह्यांवर लाल शाई, दोघांच्या प्रगतिपुस्तकात 'लक्ष देत नाही' हा शेरा. पण त्यातल्या एकाला ऐकलेली गोष्ट समजायलाही वेळ लागतो, कोडी सोडवायलाही वेळ लागतो. त्याची शिकण्याची चालच एकूण सावकाश आहे. दुसरा गोष्ट ऐकता ऐकता तिचा शेवट ओळखतो, आणि तीच गोष्ट छापून समोर ठेवली की पहिल्या ओळीत अडकतो. मदत दोघांनाही हवी, पण एकाच प्रकारची नाही. ठोकळे आहेत ते या दोघांतला फरक ओळखायला.

तुमच्या नातवासारख्या मुलांची गोष्ट जुनी आहे. इंग्लंडमधल्या सीफर्ड गावचे डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी ७ नोव्हेंबर १८९६ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चौदा वर्षांच्या पर्सी नावाच्या मुलाची हकिकत छापली. मुलगा चलाख, खेळात पुढे, आकडे नीट वाचणारा. पण साधे छोटे शब्दही त्याला वाचता येत नव्हते आणि स्वतःचं नावसुद्धा तो अक्षरांची अदलाबदल करून लिहायचा. त्याच्या मास्तरांचं म्हणणं होतं, की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. तुमच्या पत्रातलं 'तोंडाने एकदम हुशार' वाचताना मला ते मास्तर आठवले.

आता तपासणीच्या खोलीत काय चालतं ते सांगतो. पण खोलीत शिरण्याआधी दोन गोष्टी व्हायला हव्यात. डोळे आणि कान. ऐकून हसू येईल, पण फळ्यावरचं न दिसणारी आणि वर्गातलं अर्धंच ऐकू येणारी मुलं 'मठ्ठ' म्हणून काही वर्षं काढतात. म्हणून कुठलाही जाणता बालरोगतज्ज्ञ आधी नंबर तपासून घ्यायला आणि कानांची तपासणी करायला पाठवतो. कानांच्या तपासणीसाठी तुम्हाला सोयीची जागा म्हणजे वांद्रे रेक्लमेशनला असलेली अली यावर जंग ही केंद्र सरकारची संस्था. १९८३ पासून ती याच कामाला वाहिलेली आहे आणि नायगावहून गाडी न बदलता गाठता येते.

मग सुनबाईंची मुलाखत होते. बाळंतपण कसं झालं, रांगायला-बोलायला कधी लागला, फिट्स येऊन गेल्या का, शाळा किती वेळा बदलली, घरात आणखी कुणाला वाचायला त्रास होता का. या शेवटच्या प्रश्नाला कारण आहे. वाचनाची ही अडचण घराण्यात चालत येते. बाप, काका, आजोबा यांच्यापैकी कुणी 'शाळेत मन लागलं नाही म्हणून धंद्यात पडलो' असं सांगणारं निघतं. तुमच्या यजमानांना हा प्रश्न विचारावा की नाही ते तुम्हीच ठरवा. विचारलात तर जेवण झाल्यावर विचारा.

ठोकळ्यांची वेळ येते ती मानसतज्ज्ञाकडे. आपल्याकडच्या इस्पितळांत सर्वांत जास्त ऐकू येणारी दोन नावं आहेत, 'बिने-कामत' आणि 'मिसिक'. दोन्हींची मुळं मराठी मुलुखाला चिकटलेली आहेत, हे फारच थोड्यांना ठाऊक असतं. धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात फ्रान्स-अमेरिकेतून आलेली बिनेची कसोटी मराठी आणि कानडी मुलांवर वापरून, प्रश्न बदलून, नव्याने बसवली. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं आणि दोन्ही भाषांची मुलं तिथे हाताशी होती. १९४० मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने त्यांचं पुस्तक काढलं. दुसरी कसोटी नागपूरची. आर्थर मालिन यांनी वेक्सलरची अमेरिकन कसोटी १९६९ मध्ये भारतीय मुलांसाठी बेतली. मालिन यांच्या नावावरूनच तिला मिसिक म्हणतात.

मिसिकमध्ये अकरा उपकसोट्या असतात. सहा बोलून उत्तर द्यायच्या आणि पाच हाताने करायच्या. शब्दांचे अर्थ, दोन गोष्टींत सारखं काय, व्यवहारात अमुक झालं तर काय करशील, तोंडी हिशेब, आकडे ऐकून म्हणणं वगैरे पहिल्या गटात. चित्रात राहून गेलेली गोष्ट ओळखणं, तुकडे जोडून वस्तू करणं, रंगीत ठोकळ्यांनी नक्षी उतरवणं, आकड्याखाली ठरवून दिलेली खूण भराभर काढणं, चक्रव्यूहातून वाट काढणं हे दुसऱ्यात. खरे प्रश्न मी इथे देणार नाही. ते आधी कळले की कसोटी निकामी होते आणि नुकसान मुलाचंच होतं.

हाताने करायच्या भागात वाचावं लागत नाही, लिहावं लागत नाही, इंग्रजी यावं लागत नाही. म्हणून ठोकळे. शाळेने ज्याला कधी संधीच दिली नाही अशी बुद्धी तिथे दिसू शकते. नक्षीकडे बघून ती मनातल्या मनात फोडायची आणि चौकोन-चौकोनाने परत बांधायची, हे डोक्याचं काम आहे. त्यात वेळही मोजतात. आणि चांगला मानसतज्ज्ञ नुसता वेळ बघत नाही. मुलगा आधी विचार करतो की धडाधड लावत सुटतो, चुकलं हे त्याचं त्याला कळतं का, दर दोन मिनिटांनी 'बरोबर आहे ना?' म्हणून तोंडाकडे बघतो का, अवघड आलं की पाणी प्यायला उठतो का, हे सगळं तो बाजूच्या कागदावर टिपत असतो. माझ्या मते अहवालातला हा भाग आकड्यांपेक्षा जास्त कामाचा. पण पालक तो वाचत नाहीत, थेट शेवटच्या पानावरचा आकडा शोधतात.

उलट्या आकड्यांचं काय? मी चार-नऊ-दोन म्हटलं तर मुलाने दोन-नऊ-चार म्हणायचं. त्यासाठी ऐकलेलं डोक्यात धरून ठेवावं लागतं आणि धरून ठेवलेलं फिरवावंही लागतं. डोक्यात जणू एक छोटी पाटी असते, लिहिलेलं काही सेकंदांत पुसलं जाणारी. नवशिका वाचक शब्द वाचतो तेव्हा त्याच पाटीवर काम करतो. 'परवडणारं' वाचताना शेवटच्या 'रं'पर्यंत पोचेस्तोवर सुरुवातीचं 'पर' टिकून राहायला हवं. पाटी लहान असेल तर ते पुसलं जातं, मुलगा पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो आणि आपण म्हणतो, किती रेंगाळतोस!

यानंतर शैक्षणिक तपासणी. ती सहसा विशेष शिक्षिका करतात. चौथीचा उतारा जमला नाही तर तिसरीचा, मग दुसरीचा, असं जिथे वाचन सुरळीत होतं तिथपर्यंत खाली उतरतात. श्रुतलेखन घेतात, मनाने चार ओळी लिहायला सांगतात, गणितं देतात. आणि एक गोष्ट करतात ती मला फार आवडते. एक उतारा मुलाला वाचायला लावून त्यावर प्रश्न विचारतात आणि तशाच तोलाचा दुसरा उतारा स्वतः वाचून दाखवून त्यावर विचारतात. ऐकून सगळी उत्तरं आली आणि वाचून एकही आलं नाही, तर अडचण समजण्यात नसून अक्षरापासून आवाजापर्यंतच्या वाटेवर आहे, हे घरच्यांनाही डोळ्यांसमोर दिसतं.

आता तो आकडा. बुद्ध्यांक शंभरापैकी नसतो. शंभर म्हणजे त्या वयाच्या मुलांची सरासरी. ८५ ते ११५ या पट्ट्यात सुमारे ६८ टक्के मुलं बसतात. त्यामुळे '९६ आला, चार कमी पडले' असं शेजारणीने म्हटलं तर हसून सोडून द्या. तोच मुलगा दुसऱ्या दिवशी बसला तर आकडा चार-पाचने इकडेतिकडे होऊ शकतो. शिवाय बेरजेत सगळं झाकून जातं. ठोकळ्यांत फार वर आणि आकड्यांत फार खाली असलेल्या मुलाचा आकडा मधलाच येतो आणि तो मधला आकडा त्या मुलाबद्दल काहीच सांगत नाही. अहवाल हातात आला की उपकसोट्यांचे वेगवेगळे गुण मागा.

८५ या आकड्याला मात्र सरकारी महत्त्व आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला तेव्हा त्यातल्या २१ प्रकारांत 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' आली. शाळेत जिला नुसतं 'एलडी' म्हणतात ती हीच. केंद्राने जानेवारी २०१८ मध्ये तपासणीचा क्रम ठरवून दिला. आधी बालरोगतज्ज्ञ, मग बुद्ध्यांक, तो ८५ च्या वर असेल तरच पुढची वाचन-लेखन-गणिताची कसोटी. ही शेवटची कसोटी बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने बनवलेली. हेतू समजण्यासारखा आहे. पण ८६ आणि ८४ मध्ये देवालाही फरक सांगता येणार नाही. सत्तर ते पंच्याऐंशीच्या मधली मुलं या व्यवस्थेत अधांतरी राहतात. ती मतिमंद ठरत नाहीत, एलडीही ठरत नाहीत, आणि वर्गात सर्वांत जास्त मार तीच खातात. ही व्यवस्थेतली सर्वांत दुबळी जागा आहे असं मला वाटतं.

आणखी एक कुरबुर. कसोटीची सरासरी ज्या काळच्या मुलांवरून काढली तो काळ मागे पडला की आकडे फुगतात. जेम्स फ्लिन या अभ्यासकाने दाखवून दिलं, की अमेरिकेत दर दहा वर्षांनी मुलांचे गुण सुमारे तीनने वाढत गेले. सरासरी वेळोवेळी नवी काढावी लागते ती म्हणून. १९६९ ची फूटपट्टी आज लावताना हे मानसतज्ज्ञाच्या ध्यानात असायला हवं.

राहिली आजोबांची भीती. ती अज्ञानातून आली आहे असं मी म्हणणार नाही, कारण तिला इतिहास आहे. फ्रान्सच्या सरकारने १९०४ मध्ये एक समिती नेमली. नेहमीच्या वर्गात ज्या मुलांना जमत नाही त्यांना ओळखून वेगळी मदत कशी द्यायची, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. त्यातून आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांची १९०५ ची कसोटी आली. बुद्धी जन्मभर तेवढीच राहते या समजुतीला बिनेचा कडाडून विरोध होता. १९११ मध्ये तो वारला. तोवर कसोटी अमेरिकेत पोचली होती, आणि तिथे हेन्री गॉडर्डच्या माणसांनी ती न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर बोटीतून उतरणाऱ्या परदेशी लोकांना लावली. इंग्रजीचा गंध नसलेली, प्रवासाने थकलेली माणसं 'मंदबुद्धी' म्हणून नोंदली गेली. मदतीसाठी बनवलेली वस्तू शिक्का मारायला वापरता येते, ती अशी. म्हणून आजोबांना एवढंच सांगा की भीती बरोबर आहे, पण तिच्यावरचा उपाय घरी बसणं हा नाही. तपासणी कोणी केली, कोणत्या भाषेत केली आणि तिचं पुढे काय करणार, हे विचारून घेणं हा उपाय आहे.

कोणी केली म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सा मानसतज्ज्ञाने केली का. नोंदणी क्रमांक अहवालावर छापलेला असतो. दोन दिवसांच्या शिबिरात 'ब्रेन मॅपिंग' करून देणाऱ्यांकडे, आणि बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी सांगणाऱ्यांकडे तर मुळीच जाऊ नका. त्या ठशांना विज्ञानाचा काडीचाही आधार नाही. पैसे मात्र भरपूर घेतात.

कोणत्या भाषेत, हा प्रश्न वसईत फार मोलाचा आहे. आपल्याकडे घरात कुणी सामवेदी बोलतं, कुणी वाडवळी, कुणी आगरी, कुणी कोळी. अंगणात मराठी, शाळेत इंग्रजी, टीव्हीवर हिंदी. अशा मुलाला इंग्रजीतून शब्दांचे अर्थ विचारले आणि तो गडबडला तर कसोटीने त्याची बुद्धी मोजली की त्याच्या घरी इंग्रजी नाही हे मोजलं? मराठीतून विचारा, असं तुम्ही आधीच सांगू शकता. तो तुमचा हट्ट होत नाही. मुलगा ज्या भाषेत स्वप्न बघतो ती भाषा मानसतज्ज्ञाला सांगायला हवीच.

पुढे काय करणार, हे शाळेला विचारा. २०१६ च्या त्याच कायद्याचं सोळावं कलम सरकारमान्य शाळांवर जबाबदारी टाकतं, की अशा मुलांना लवकरात लवकर ओळखून शिकवण्याच्या योग्य उपाययोजना करायच्या. खाजगी इंग्रजी शाळाही मान्यताप्राप्त असते, तेव्हा तिलाही हे लागू आहे. चिठ्ठी देऊन शाळेचं काम संपत नाही. अहवाल घेऊन तुम्ही परत जाल तेव्हा खरं तर ते सुरू होतं.

कुठे जायचं? मुंबईत शीव, केईएम आणि नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत एलडीची तपासणी होते. नायरला मुंबई सेंट्रलला उतरा, केईएमला प्रभादेवीला. शीवला दादरला गाडी बदलावी लागेल. गर्दी असते, तारखा लांबच्या मिळतात, म्हणून आजच नाव घाला. खाजगीत लवकर होतं आणि काही हजार रुपये लागतात. शिकवण्यासाठी दिशा म्हणून खाजगी अहवाल पुरेसा असतो, पण बोर्डाच्या सवलतीला अधिकृत सरकारी किंवा पालिका रुग्णालयाचंच प्रमाणपत्र लागतं. दोनदा खर्च करायचा नसेल तर हे आधी ठरवा.

जाता जाता आपल्या जिल्ह्याची एक गोष्ट. शाळा-अंगणवाड्यांतली मुलं तपासणारा 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' देशभर सुरू झाला तो ६ फेब्रुवारी २०१३ ला पालघरमधून. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. विकासातल्या अडचणी लवकर हेरणं हे त्या पथकांचं एक काम आहे. मात्र ती सरकारी आणि अनुदानित शाळांत जातात. तुमच्या नातवाच्या शाळेत ती आली नसतील, म्हणून ही धावपळ सुनबाईंच्या वाट्याला आली.

प्रश्न : मी मराठी शाळेत शिकवते. मराठी जशी बोलतो तशी लिहितो, इंग्रजीसारखा स्पेलिंगचा गोंधळ नाही. मग मराठीत डिस्लेक्सिया असतो तरी का? की हे इंग्रजी शाळांचं फॅड आहे?
— एक शिक्षिका, नायगाव

उत्तर : असतो, बाई. फक्त दिसतो वेगळा. इंग्रजीत असं मूल चुकीचं वाचतं. देवनागरीत ते बरेचदा बरोबर वाचतं, पण इतकं हळू वाचतं की वाक्य संपेपर्यंत अर्थ हातातून गेलेला असतो. म्हणून मराठी शाळेत ते उशिरा लक्षात येतं. पहिली-दुसरीत अक्षर-अक्षर लावून भागतं, तिसरीत धडे लांबतात तेव्हा गाडं अडतं.

आणि 'बोलतो तसं लिहितो' हे शिक्षक-मंडळींचं लाडकं वाक्य थोडं तपासून पाहा. 'कि' म्हणताना आधी क येतो, लिहिताना आधी वेलांटी. 'सूर्य'मधला र् आधी उच्चारतो आणि लिहितो यच्या डोक्यावर. 'प्रकाश'मधला र पच्या पायात, 'ट्रक'मधला टच्या खाली काकपदासारखा. एका र चे इतके अवतार! सरावलेल्या डोळ्यांना त्याचं काही वाटत नाही, पण ज्या मुलाला आवाज आणि खूण यांची जोडी पक्की करायलाच वेळ लागतो त्याचा घाम निघतो तो इथे. घ-ध, भ-म, थ-य, ब-व, प-ष या जोड्यांत घोटाळा होतो तो वेगळा. मूल 'आरशातली अक्षरं' काढत नाही म्हणजे त्याला डिस्लेक्सिया नाही, असा निष्कर्ष काढू नका. २००७ च्या 'तारे जमीन पर'ने या विषयाचं मोठं काम केलं, पण अक्षरं नाचताना दाखवल्यामुळे ही डोळ्यांची भानगड आहे असा समजही घरोघरी पोचला. अडचण मुख्यतः आवाज आणि अक्षर जोडण्यात असते.

आकड्यांतही मराठीची आपली खोड आहे. पंचवीस ऐकताना पाच आधी ऐकू येतात, लिहायचे मात्र दोन आधी. एकोणपन्नास ऐकलं की कानात पन्नास घुमतं आणि लिहायचा असतो चार. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात 'वीस पाच' अशी सोपी वाट दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. विनोद खूप झाले, आणि ज्या मुलांसाठी ती वाट होती त्यांचा विचार त्या गदारोळात फार कुणी केला नाही. तुमच्या वर्गात पंचवीसला ५२ लिहिणारा मुलगा असेल तर त्याला नुसतं 'वीस आणि पाच' म्हणून बघा. लगेच जमलं तर गोंधळ नावाचा आहे, संख्येचा नाही.

मराठीत तपासायची साधनंही आहेत. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये 'डाली' नावाचा संच काढला. तो हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या चार भाषांत आहे. शिक्षकांसाठी प्राथमिक चाळणी आणि मानसतज्ज्ञांसाठी पूर्ण कसोटी, असे त्याचे दोन भाग आहेत. चाळणीतून नाव आलं म्हणजे निदान झालं असं नाही, पुढे पाठवायचं एवढंच. फॅडबद्दल म्हणाल, तर अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या नियमावलीप्रमाणे वेगवेगळ्या भाषांत आणि संस्कृतींत मिळून शाळकरी मुलांपैकी ५ ते १५ टक्क्यांना अध्ययन अक्षमता आढळते. चाळीसच्या वर्गात निदान दोघं. कोण ते तुम्हाला बहुधा आधीच माहीत असेल.

प्रश्न : माझी मुलगी आठ वर्षांची आहे. दहावीला जादा वेळ आणि कॅल्क्युलेटर मिळतो म्हणून आत्ताच सर्टिफिकेट काढून ठेवावं का? आणि चाचणीआधी सराव करून घ्यावा का?
— एक वडील, उमेळे

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी : नाही. सरावाने गुण वर गेले तर अडचण झाकली जाईल आणि तिला मिळायची ती मदत जाईल. मुद्दाम कच्चं दाखवायला शिकवलंत तर अनुभवी मानसतज्ज्ञाला ते बहुतेक वेळा कळतं, आणि तिच्या मनावर काय परिणाम होईल त्याचा विचार तुम्हीच करा.

पहिल्याचं : २०१८ च्या सूचनांप्रमाणे आठ वर्षांच्या आधी एलडीचं प्रमाणपत्र मिळत नाही. मिळाल्यावर चौदाव्या वर्षी आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी असते, अठराव्या वर्षाचं मग कायमचं. म्हणजे आत्ता काढलेलं दहावीपर्यंत जसंच्या तसं चालणार नाही. आत्ता तपासायचं ते दहावीसाठी नसावंच. आठव्या वर्षी योग्य पद्धतीने, रोज थोडं थोडं शिकवलं तर वाचनात जो फरक पडतो तो चौदाव्या वर्षी पाडायला कितीतरी जास्त कष्ट लागतात.

सवलती खऱ्या आहेत आणि त्या मागण्यात कमीपणा नाही. महाराष्ट्राने १९९६ मध्येच त्या मान्य केल्या, केंद्राच्या कायद्याच्या वीस वर्षं आधी. जादा वेळ, स्पेलिंगच्या चुकांकडे दुर्लक्ष, कॅल्क्युलेटर, एका भाषेऐवजी कार्यानुभव, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं गणित आणि कार्यानुभव, असं त्यांचं मूळ स्वरूप. आता जादा वेळ तासाला किमान वीस मिनिटं, असं केंद्राने २०१८ मध्ये ठरवून दिलं आहे. गणित सोडण्याची घाई मात्र करू नका. आठवीत एका सहीने सोडलेलं गणित अकरावीला अनेक दारं बंद करतं. मुलगी गणितात ठीक असेल आणि अडचण प्रश्न वाचण्यात असेल, तर वाचून दाखवणारा मिळाला की काम होतं.

तपासणीच्या दिवशी तिला पोटभर खाऊ घाला. सर्दी-ताप असेल तर सरळ तारीख बदलून घ्या, चष्मा विसरू नका. यंदाच्या आणि गेल्या वर्षीच्या वह्या बरोबर न्या. सुधारून पुन्हा लिहिलेल्या नको, लाल शाईच्याच. 'तुझी परीक्षा आहे' असं सांगू नका. 'तुला काय सोपं जातं आणि काय अवघड, ते बघायला जातोय' असं सांगा. मुंबईला जायचं असेल तर पहाटेची गाडी घ्या. आठनंतरच्या विरार लोकलमधून चेंगरून उतरलेल्या मुलीला ठोकळे लावायला बसवलं तर आकडा गर्दीचा येईल.